पेन्सिल, माऊस आणि दुपारचा तास

चित्रकला शिकवणारी बहुतेक पुस्तकं अशा माणसासाठी लिहिलेली असतात, ज्याच्या घरी कुकर दुसरं कुणीतरी लावतं. किमॉन निकोलायडीस नावाचे अमेरिकेतले एक चित्रकलाशिक्षक होते. त्यांचं 'द नॅचरल वे टू ड्रॉ' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४१ साली निघालं आणि अजूनही शिकणारे ते हातात घेतात. त्यात पंचवीस वेळापत्रकं आहेत, प्रत्येक पंधरा तासांचं. म्हणजे एकूण ३७५ तास. रोज अर्धा तास काढला तर साडेसातशे दिवस लागतात. दोन वर्षं आणि वर वीस दिवस. यात लग्नसराई, आजारपणं, पाहुणे, मुलांच्या परीक्षा आणि पापड-कुरडयांचे दिवस धरलेले नाहीत. पुस्तक उत्तम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यामागच्या समजुतीची. शिकणाऱ्याजवळ सलग तीन तास आहेत, आणि त्या तीन तासांत दाराची बेल वाजणार नाही, असं ते धरूनच चालतं.

आता या जुन्या प्रश्नावर एक नवा प्रश्न येऊन बसला आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींना, आणि आपल्या लेकीसुनांना तर नक्कीच, संगणकावरचं मॉडेलिंग शिकायचं आहे. (मॉडेलिंग म्हटलं की भिशीत आधी हशा होतो, मग "या वयात?" असा प्रश्न येतो. तर ते मॉडेलिंग नव्हे.) पडद्यावर मातीसारखा आकार घडवायचा, तो चहूबाजूंनी फिरवून बघायचा, त्याला रंग-प्रकाश द्यायचा, असं हे काम. त्यासाठीचं 'ब्लेंडर' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि फुकट का मिळतं हेही जाणून घेण्यासारखं आहे. नेदरलँड्समधल्या टॉन रोझेंडाल यांनी ते १९९० च्या दशकात तयार केलं. पुढे कंपनी बुडाली तेव्हा २००२ साली लोकांकडून एक लाख युरो वर्गणी गोळा करून त्यांनी ते सर्वांसाठी खुलं करून घेतलं. वर्गणीतून सोडवून आणलेलं हत्यार आहे ते. बायकांच्या मंडळांना यातलं मर्म वेगळं समजावून सांगायला नको.

आता दिवसातून आपल्या वाट्याला येणारा तो एक तास, बहुधा दुपारी दोन ते तीनचा, पेन्सिलीला द्यायचा की माऊसला? मला जे सल्ले वाचायला आणि ऐकायला मिळाले, त्यांचे दोन तट आहेत आणि दोन्ही मला पटत नाहीत.

पहिला तट म्हणतो, आधी चित्र पक्कं करा, हात बसू द्या, मग संगणकाकडे वळा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण हात 'बसतो' म्हणजे केव्हा? आमच्या बेळगावचे रवी परांजपे, के. बी. कुलकर्णी सरांचे विद्यार्थी, यांच्या आत्मकथनाचं नावच 'ब्रश मायलेज' आहे. कुंचला किती मैल चालला, हा हिशेब. तो हिशेब आयुष्यभर चालतो, त्यात 'आता पुरे, पुढच्या वर्गात जा' असं कुणी सांगत नाही. पन्नाशीतल्या बाईला "आधी पाच वर्षं रेघा मारा" म्हणणं म्हणजे तिला नको म्हणण्याचाच एक सभ्य प्रकार आहे. शिवाय चित्राशिवाय पुढचं काही होतच नाही, हेही खरं नाही. लाटवियाच्या गिन्ट्स झिल्बालोडिस या तरुण दिग्दर्शकाचा 'फ्लो' हा मांजराचा चित्रपट सगळाच्या सगळा ब्लेंडरमध्ये झाला आणि २०२५ साली त्याला सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. त्यानं प्रसंगांची रेखाचित्रं आधी कागदावर काढून घेतली नव्हती, थेट पडद्यावरच्या जगात कॅमेरा फिरवून दृश्यं शोधली.

दुसरा तट म्हणतो, चित्र हवंच कशाला? संगणक पर्स्पेक्टिव्ह स्वतः सांभाळतो, छाया स्वतः पाडतो, डावी बाजू केली की उजवी आपोआप होते. बरोबर आहे, ते सगळं तो करतो. पण तो काय करत नाही, हे बघायला एक तांब्या पुरतो.

तांब्याच का? तर १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारतभर हिंडलं आणि सरकारला त्यांनी एक अहवाल दिला, ज्यातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते लोट्याचं, आपल्या रोजच्या तांब्याचं. त्यात पाणी किती मावावं, तो कमरेवर कसा टेकेल, ओतताना धार कशी पडेल, रिकामा असताना तोल कसा राहील, बोटांना कुठे पकड मिळेल. इतके प्रश्न त्या एका आकारानं पिढ्यान्‌पिढ्या सोडवत आणले आहेत, असं त्यांचं म्हणणं. आपण रोज तो घासतो आणि पालथा घालतो, पण त्याची मान नक्की कुठे वळते हे डोळे मिटून सांगा बघू.

ब्लेंडरमध्ये तांब्या करणं अगदी सोपं. मधोमध एक अक्ष धरायचा, तांब्याच्या अर्ध्या बाजूची एकच रेघ काढायची (काठ, मान, पोट, बूड) आणि ती गोल फिरवायची. कुंभाराचं चाक, फक्त माती नाही. पाच मिनिटांत तांब्या तयार. गंमत अशी, की ती रेघ बेताची असली तरी तांब्या तयार होतोच. मान अर्धा बोट वर गेली, पोट जरा खाली ओघळलं, तरी यंत्र ती रेघ इमानेइतबारे फिरवतं आणि एक निर्दोष गोल, चकचकीत, पितळेच्या छायेसकटचा वाईट तांब्या आपल्यापुढे ठेवतं. कागदावर आकार बिघडला की तो बिघडलेला दिसतो, डावी बाजू उजवीशी जुळत नाही, आपल्याला खटकतं. पडद्यावर बिघाड दोन्हीकडून सारखा होतो, त्यामुळे खटकायचं थांबतं. संगणक बेढबपणाला सुबक करून देतो, आणि पुष्कळदा तेच आपण कौशल्य समजतो.

ती अर्धी रेघ काढायची तर तांब्या बघता यावा लागतो. ते बघणं चित्रकला शिकवते. निकोलायडीस यांचा पहिलाच धडा तो आहे. कागदाकडे बघायचं नाही, नजर वस्तूच्या कडेवर ठेवायची, पेन्सिलीचं टोक त्या कडेलाच टेकलंय असं मनाशी धरायचं आणि मुंगीच्या वेगानं पुढे जायचं. चित्र विचित्र होतं, होऊ दे. कड डोळ्यांत उतरते. बेटी एडवर्ड्स यांच्या १९७९ सालच्या प्रसिद्ध पुस्तकात दुसरी एक युक्ती आहे, चित्र उलटं ठेवून त्यावरून काढायचं. उलटं असलं की 'हे नाक, हा हात' असं मन सांगत नाही, रेघा तेवढ्या दिसतात. त्यांनी त्यासाठी मेंदूच्या उजव्या-डाव्या भागांची जी वाटणी सांगितली, तितकी सरळ वाटणी मेंदूचे अभ्यासक आता मानत नाहीत. पण युक्ती चालते. औषधाचा गुण यायला वैद्याचं तत्त्वज्ञान बरोबर असावंच लागतं असं नाही.

म्हणजे दोन्ही हवं. मग तासाचं काय? इथे सगळे जण 'अर्धं-अर्धं' म्हणतात आणि माझ्या मते सगळ्यात वाया जाणारी वाटणी तीच आहे.

कारण या दोन विद्यांचा वेळेशी असलेला स्वभावच वेगळा. पेन्सिल तुकड्यांत चालते. दूध तापेपर्यंत एक वाटी, शेजारी बसलेल्या सासूबाईंचा हात, डाळ शिजेपर्यंत खिडकीतली कुंडी. दहा मिनिटांचं चित्र हे दहा मिनिटांचंच पण पुरं चित्र असतं. वही उघडली की आपण थेट आत असतो. बेल वाजली, वही मिटली, काही बिघडलं नाही. उलट मध्ये थांबून परत बघितलं की चुका जास्त स्पष्ट दिसतात.

संगणकाचं तसं नाही. आधी तो सुरू व्हायचा, मग फाइल शोधायची, मग मागच्या खेपेला आपण कुठे होतो ते आठवायचं. जी दाबलं की वस्तू सरकते, आर दाबलं की फिरते, एस दाबलं की लहानमोठी होते, टॅब दाबलं की तिच्या आत शिरता येतं. ही बाराखडी चार दिवस हात लागला नाही की बोटांतून जाते. त्यात समोरून-बाजूनं-वरून बघण्यासाठी कीबोर्डाच्या उजवीकडचे आकडे लागतात, आणि घरातल्या साध्या लॅपटॉपला ते आकडे नसतात. (सेटिंगमध्ये 'इम्युलेट नमपॅड' अशी सोय आहे, वरच्या ओळीतल्या आकड्यांवर काम भागतं. हे पहिल्या दिवशीच कुणीतरी सांगायला हवं.) अर्ध्या तासातली वीस मिनिटं अशी उंबरठ्यावरच संपतात. घरात शिरायला दहा उरतात.

म्हणून मी म्हणते, रोजचं चित्राला, आणि तेही तुकड्यांत. आणि आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, सलग दोन तास, दार लावून, मॉडेलिंगला. दोन तास मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. ते मागावे लागतात. आमच्या गल्लीतली एक लेक परवा म्हणाली, "काकू, भांडी घासायला वेळ मागतो तर कोण काय म्हणत नाही, शिकायला मागतो तर सगळ्यांची तोंडं बघा तुम्ही." तिनं चार शब्दांत सांगितलं ते या विषयावरच्या कुठल्याही पुस्तकात मला सापडलं नाही. वेळ कमी असतो म्हणतात. तो कमी नसतो, तो दुसऱ्याच्या नावावर असतो.

यंत्राचा एक गुण मात्र आपल्या बाजूचा आहे. प्रकाश-छाया भरून शेवटचं चित्र काढायला, म्हणजे रेंडर करायला, साध्या संगणकाला बराच वेळ लागतो. तरुण मुलं त्याबद्दल चिडतात. आपल्याला काय? ते लावून द्यावं आणि भाजी निवडायला बसावं. यंत्र राबतंय आणि आपणही राबतोय, एवढी समानता घरात क्वचित मिळते.

शिकवणाऱ्या व्हिडिओंबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आज बहुतेकींची गुरुमाउली तीच. ब्लेंडर शिकणारं सगळं जग सुरुवात करतं ती डोनटपासून. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू प्राइस यांची ही मालिका, आणि पुन्हा पुन्हा नव्यानं केलेली. ते छान शिकवतात, घाबरवत नाहीत. (डोनटमध्ये बहुधा अंडं असतं. ज्यांना खटकेल त्यांनी मेदूवडा करावा, भोक दोघांनाही आहे.) अडचण ही, की मालिका संपते तेव्हा डोनट तयार असतो आणि शिकणारी मात्र तिथेच असते. कुठलं बटण केव्हा दाबायचं हे तिला कळलेलं असतं. डोनटचा आकार असाच का, हा प्रश्न वाटेत एकदाही आलेला नसतो. स्वयंपाकाचे व्हिडिओ बघून पदार्थ जमतो, हात जमत नाही, तसंच. आणि व्हिडिओ जुना असला तर आणखी घोळ. २०१९ साली आलेल्या २.८० या आवृत्तीत पडद्याची सगळी मांडणी बदलली. त्याआधीचा धडा लावून बसलेल्या बाईला ते बटण सापडत नाही आणि तिला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. व्हिडिओ उघडण्याआधी तारीख बघा.

माझी एक सूचना आहे. व्हिडिओतली वस्तू करू नका. व्हिडिओतली कृती शिका आणि त्या आठवड्यात वहीत जी वस्तू दहा वेळा काढली असेल ती करा. आठवडाभर तांब्या काढला असेल तर रविवारी तांब्या. पुढच्या आठवड्यात समई. मग अडकित्ता, तो अवघड आहे, कारण त्याला दोन पाती आणि एक खिळा आहे आणि तो उघडतो-मिटतो. असं केलं की चित्र आणि मॉडेल एकमेकांचा वेळ खात नाहीत, एकाच वस्तूवर दोघं कामाला लागतात. समोरून एक आणि बाजूनं एक अशी दोन सरळ रेखाचित्रं काढून ती पडद्यावर मागे लावून घेता येतात, आणि मग वहीतली मेहनत फुकट गेली असं वाटत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते. आपल्या समाजात सराफी आहे, आणि दागिन्यांचं संगणकावरचं डिझाइन शिकवणारे तीन-तीन महिन्यांचे वर्ग आता गावोगावी निघाले आहेत. मुलींना घरबसल्या काम मिळतं म्हणून आपण त्यांना तिकडे पाठवतो, ते योग्यच. मॉडेलचे फायदेही खरे आहेत. चित्रात नाजूक पाकळी काढायला काय लागतं? ती ओतल्यावर टिकेल की मोडेल हे चित्र सांगत नाही, जाडी मोजता येणारं मॉडेल सांगतं. दागिन्यात सोनं किती जाईल तेही मॉडेलवरून काढता येतं. आकाराचं घनफळ संगणक देतो, त्याला धातूच्या घनतेनं गुणलं की वजन. सोनं पाण्याच्या एकोणीस पटींहून जड, त्यामुळे इथे केसाएवढी जाडी वाढली तरी बिल वाढतं. मग त्याच मॉडेलवरून मेणाचा नमुना छापायचा, त्याभोवती साचा करायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत सोनं ओतायचं. मेणाच्या जागी धातू, ही रीत जुनीच, फक्त मेण घडवणारा हात बदलला. हे सगळं चित्राला जमणारं नाही, आणि चित्राच्या प्रेमानं कुणी ते नाकारू नये.

पण या वर्गांत चित्रकलेचा तास नसतो. तयार पाकळ्या, तयार कोंदणं, तयार वेली यांचा साठा दिलेला असतो, त्यातून उचलून जोडायचं. परिणाम दुकानांत दिसतो. वेगवेगळ्या पेढ्यांत तीच वेल, तोच मोर, फक्त लहानमोठा. आणि गिऱ्हाईक समोर बसून म्हणतं, "आमच्या आजीच्या बुगडीसारखं, पण जरा पसरट," तेव्हा मुलीला कागदावर चार रेघा ओढून "असं का?" विचारता येत नाही. ती म्हणते, दोन दिवसांनी दाखवते. चार रेघा ओढणारी तिथेच काम घेऊन जाते. तीन महिन्यांच्या फीमध्ये रोज वीस मिनिटांचं रेखाटन बसवणं वर्गवाल्यांना अशक्य नाही. पालकांनी विचारलं तर ते करतीलही. आपण विचारतो काय, तर सर्टिफिकेट मिळेल का.

साठ्यातून उचलण्याचा हा रोग पूजा-पंचकल्याणकांच्या पत्रिकांतही शिरला आहे. हल्ली आमंत्रणपत्रिकेवर संगणकावर घडवलेली मूर्ती असते. चकचकीत, मागे निळा उजेड. पद्मासनातल्या जिनमूर्तीला आपल्याकडे नेमकं माप आहे. एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंतचं अंतर, उजव्या गुडघ्यापासून डाव्या खांद्यापर्यंतचं, डाव्या गुडघ्यापासून उजव्या खांद्यापर्यंतचं, आणि आसनापासून वर केसांच्या रेषेपर्यंतचं, ही चारही सारखी. समचतुरस्र म्हणतात ते हेच. या पत्रिकांवरच्या मूर्तीवर दोरा धरून बघा. कित्येकदा छाती व्यायामशाळेतली आणि गुडघे जवळ ओढलेले असतात, कारण साठ्यातलं कुठलंतरी शरीर बसतं करून घेतलेलं असतं. ज्या साधनात अंतर मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजता येतं, त्यात मापच चुकावं! मोजायचं साधन हाताशी होतं, काय मोजायचं ते कुणी बघितलेलं नव्हतं.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती ज्यांनी बघितली आहे त्यांना छतातलं ते दगडी कमळ आठवेल. रट्ट राजवटीत बीचिराज मंत्र्यानं १२०४ साली बांधलेलं हे मंदिर. कमळाच्या पाकळ्यांवर भूत, वर्तमान आणि भविष्य काळांतले मिळून ७२ तीर्थंकर कोरलेले. ब्लेंडरमध्ये हे करायचं तर एक पाकळी करायची आणि मध्याभोवती हव्या तितक्या वेळा फिरवून मांडायची. संगणकाला क्षणाचं काम. पण हातानं कोरलेल्या दोन पाकळ्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात, आणि एकीच्याच शंभर प्रती केलेलं कमळ प्लॅस्टिकच्या तोरणासारखं दिसतं. मग जाणती शिकणारी काय करते, तर पाच-सहा वेगळ्या पाकळ्या करते आणि त्या आलटूनपालटून लावते. त्या पाच-सहा पाकळ्यांत फरक नेमका काय ठेवायचा, कडा किती दुमडायची, कुठली जरा जाड, कुठली टोकाशी बोथट, हे ठरवायला तिला खाली जमिनीवर बसून, मान वर करून, वहीत कमळ काढावं लागतं. मान दुखते. सकाळी लवकर गेलं तर गर्दी नसते, आणि छताखाली उजेड कमी म्हणून ४बी पेन्सिल न्यावी, एचबीच्या रेघा तिथे दिसत नाहीत.